पांढऱ्या पट्ट्यांवरचे सात षड्ज

पेटी मी भजनी मंडळात साथ करता करता शिकलो. तिथे गाणारा माणूस समोर बसला की पहिला प्रश्न एकच असतो : "पट्टी कुठली?" कुणी काळी एक सांगतो, कुणी पांढरी चार (काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या सप्तकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या मोजायच्या; पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा C), बायका गाणार असतील तर काळी चार किंवा काळी पाच हे न विचारताही कळते. त्यामुळे षड्ज, म्हणजे सा, ही जागेला खिळलेली वस्तू नाही, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो हलतो, ही गोष्ट मला कधी शिकावी लागली नाही. तरीही पंचेचाळिशीनंतर हौसेने कीबोर्ड घेऊन पाश्चात्त्य संगीताची तोंडओळख करून घेऊ लागलो, तेव्हा 'मोड' या प्रकरणाशी येऊन मी अडकलो, आणि जवळजवळ वर्षभर अडकून राहिलो. आज मागे वळून पाहताना वाटते की ज्या गोष्टीची मला लहानपणापासून सवय होती, नेमकी तीच गोष्ट माझ्यासमोरच्या स्पष्टीकरणात कुणी सांगितलेली नव्हती.

ते स्पष्टीकरण साधारण असे होते. पांढरी एकपासून पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा, तो मेजर स्केल, म्हणजेच आयोनियन मोड. आता त्याच पट्ट्या पांढरी दोनपासून पांढरी दोनपर्यंत वाजवा, तो डोरियन. पांढरी तीनपासून फ्रिजियन, चारपासून लिडियन, पाचपासून मिक्सोलिडियन, सहापासून एओलियन आणि सातपासून लोक्रियन. यात चूक काहीच नाही. मी सांगितल्याप्रमाणे पांढरी दोनपासून आरोह-अवरोह वाजवला, पुन्हा वाजवला, आणि दर वेळी मला बिलावलच, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांचा आपला मेजर, ऐकू आला. फक्त तो दाराऐवजी खिडकीतून घरात शिरल्यासारखा. रिषभापासून तान उचलली म्हणून राग बदलतो असे कोण म्हणेल? यमनाची किती तरी आलापी निषादापासून सुरू होते, म्हणून निषाद काही षड्ज होत नाही. सातही मोडांचे सूर जर तेच असतील, तर या सात नावांची गरज काय, असा माझा प्रश्न होता आणि तो मला अजूनही रास्त वाटतो.

उत्तर मिळाले ते अपघाताने. मोबाइलवरचा तानपुरा आदल्या संध्याकाळच्या साथीनंतर पांढरी दोनवर राहिलेला होता. तो चालू केला, पट्टी बदलायचा कंटाळा केला आणि कीबोर्डवर पांढऱ्या पट्ट्यांशी खेळत बसलो. दोन-तीन मिनिटांतच लक्षात आले की मी काफी वाजवतो आहे. पांढरी चार आता कोमल, म्हणजे शुद्धाहून अर्धा स्वर खालचा, गंधार झाली होती, पांढरी एक कोमल निषाद झाली होती, आणि ज्या पट्टीला मी आयुष्यभर निमूटपणे रिषभ म्हणत आलो ती घराची मालकीण होऊन बसली होती. एकही पट्टी बदललेली नव्हती. बदलला होता तो षड्ज. मोड ठरतो तो सुरुवात कुठून केली यावरून नव्हे, तर कान कोणत्या सुराला घर मानतो यावरून. हे एक वाक्य त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत असते तर माझे वर्ष वाचले असते.

त्यानंतर मी तानपुऱ्याची पट्टी एकेक करून सरकवत गेलो आणि ओळखीची मंडळी भेटत गेली. पांढरी एकवर षड्ज ठेवला तर बिलावल थाट (थाट म्हणजे राग ज्यातून निघतात तो सात सुरांचा साठा), दोनवर काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज, सहावर आसावरी. म्हणजे आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन आणि एओलियन ही ग्रीक वळणाची नावे ज्या स्वरसमूहांना आहेत, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा आहेत. मुंबईत 1860 साली जन्मलेल्या आणि पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी थाटांची मांडणी दक्षिणेतल्या मेळपद्धतीकडे, म्हणजे तिथल्या कर्नाटक संगीतातल्या अशाच स्वरसमूहांच्या वर्गीकरणाकडे, बघत केली. चर्चमधल्या मोडांशी तिचा संबंध नाही. तरी दोन्हीकडे हेच सहा निघावेत यात चमत्कार नाही, कारण सप्तकाचे बारा भाग आणि त्यांतून निवडलेले सात सूर हा कच्चा माल दोघांचाही सारखाच आहे.

आता मेजर स्केलशी असलेले नाते. ते दोन अंगांनी बघता येते, आणि माझ्या मते नवशिक्याचा सगळा गोंधळ ही दोन अंगे एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पहिले अंग वर सांगितले ते : पट्ट्या त्याच ठेवायच्या आणि षड्ज हलवायचा. दुसरे अंग आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जास्त जवळचे आहे : षड्ज तोच ठेवायचा आणि बिलावलातले कोणते सूर कोमल किंवा तीव्र झाले ते बघायचे. समजा, गाणाऱ्याने पांढरी सहा सांगितली आणि मिक्सोलिडियन, म्हणजे खमाज थाट, वाजवायचा आहे. पहिल्या अंगाने विचार केला तर पांढरी सहा हा ज्याचा पंचम आहे तो षड्ज शोधायचा; तो पांढरी दोन. म्हणून पांढरी दोनच्या बिलावलात लागणाऱ्या पट्ट्या घ्यायच्या आणि सहावर घर करायचे. दुसऱ्या अंगाने विचार केला तर सरळ पांढरी सहाचा बिलावल घ्यायचा आणि त्यातला निषाद काळी चारवरून पांढरी पाचवर उतरवायचा. दोन्ही वाटांनी सूर तेच येतात : पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच. हिशेब लवकर करायचा असेल तर पहिली वाट सोयीची आहे. पण मोडाचा रंग कानात उतरवायचा असेल तर दुसरीला पर्याय नाही. पहिल्या वाटेने गेलेला माणूस मनातल्या मनात पांढरी दोनचा मेजरच वाजवत राहतो, आणि त्याच्या वाजवण्यात ते ऐकूही येते.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट म्हणजे या सात मोडांचा खरा क्रम. एक, दोन, तीन असा पट्ट्यांचा क्रम लावला तर काफीनंतर भैरवी आणि भैरवीनंतर एकदम कल्याण येतो, आणि त्यात काही सुसंगती दिसत नाही. त्याऐवजी पंचमाच्या नात्याने चालावे. पांढरी चारचा पंचम पांढरी एक, तिचा पंचम पाच, मग दोन, मग सहा, मग तीन आणि शेवटी सात. या क्रमाने षड्ज ठेवत गेले तर कल्याण, बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी आणि शेवटी लोक्रियन असे थाट मिळतात, आणि प्रत्येक पायरीला फक्त एकच सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. कल्याणातला तीव्र मध्यम शुद्ध झाला की बिलावल. निषाद कोमल झाला की खमाज. पाठोपाठ गंधार उतरला की काफी, धैवत उतरला की आसावरी, रिषभ उतरला की भैरवी. दुपार टळावी आणि उजेड एकेका खोलीतून काढता पाय घेत जावा, तसा हा प्रवास ऐकू येतो.

असे का होते, हेही पेटीवर बसून उलगडता येते. सातही पांढऱ्या पट्ट्या ही पंचमांची एक साखळी आहे : चार, एक, पाच, दोन, सहा, तीन, सात. षड्ज साखळीच्या अगदी पहिल्या कडीवर, म्हणजे पांढरी चारवर असेल, तर बाकीचे सहाही सूर त्याच्यापुढे पंचमांच्या चढणीवर असतात आणि त्या चढणीचे टोक म्हणजे तीव्र मध्यम. षड्ज एक कडी पुढे सरकला की पुढे पाचच सूर उरतात आणि एक मागे पडतो. मागे पडलेला तो सूर म्हणजे शुद्ध मध्यम. आणखी एक कडी सरकला की मागे दोन सूर, शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद. दर वेळी पुढच्या टोकाचा एक सूर गळतो आणि मागच्या बाजूला एक जोडला जातो, एवढाच हा व्यवहार आहे. काफी या साखळीच्या बरोबर मधोमध येतो, तीन सूर पुढे आणि तीन मागे, म्हणून त्याच्या आरोहातली अंतरे उलट्या बाजूने मोजली तरी तीच राहतात. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचनासुद्धा पांढरी दोनच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी दिसते. इतकी वर्षे पेटी मांडीशी घेऊन बसलो, पण हे मी कधी पाहिले नव्हते.

मेजर स्केलला मूळ मानून मोड ही त्याची पिल्ले समजण्याची पद्धत शिकवायला सोपी असली, तरी इतिहासाने ती उलटी आहे. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या गायनात आठ मोड मानले जात, आणि त्यांची विश्रांतिस्थाने चारच होती : आजच्या भाषेत पांढरी दोन, तीन, चार आणि पाच. प्रत्येक स्थानाचे दोन प्रकार चाल किती उंच आणि किती खाली फिरते त्यावरून होत. म्हणजे काफी, भैरवी, कल्याण आणि खमाज यांच्यासारखे स्वरसमूह त्या यादीत होते, आणि ज्याला आज आपण मेजर म्हणतो तो बिलावल शास्त्राच्या यादीत नव्हता. हाइनरिश ग्लारेआन या स्विस पंडिताने 1547 साली प्रसिद्ध केलेल्या 'डोडेकाकॉर्डोन' या ग्रंथात आयोनियन आणि एओलियन यांना रीतसर जागा दिली आणि आठाचे बारा मोड केले. पुढे सतराव्या शतकात कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुळणीच्या, संगीताने जोर धरला आणि याच दोन उशिरा आलेल्या पाहुण्यांनी, मेजर आणि मायनर या नावांनी, सगळे घर ताब्यात घेतले. त्यालाही कारण आहे. बिलावलातला शुद्ध निषाद षड्जाच्या अर्धाच स्वर खाली असल्याने तो षड्जाकडे ओढतो, आणि पंचमावर उभारलेल्या कॉर्डमध्ये हा निषाद आणि शुद्ध मध्यम एकत्र आले की षड्जावर परतल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. खमाज किंवा काफी थाटात निषाद कोमल असल्याने ही ओढ आपोआप मिळत नाही. मायनरवाल्यांनी तर ती मिळवण्यासाठी निषाद मुद्दाम शुद्ध करून घेतला.

नावांचा घोळ हा वेगळाच विनोद आहे. प्राचीन ग्रीक लेखक ज्या स्वरक्रमाला डोरियन म्हणत तो आजच्या फ्रिजियनसारखा होता, आणि त्यांचा फ्रिजियन आजच्या डोरियनसारखा. मध्ययुगीन पंडितांनी नावे उचलताना गफलत केली आणि ती तशीच रूढ झाली. रागांच्या नावांवरून घराण्याघराण्यांत चालणारे वाद ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आमच्या इमारतीत गोव्याचे एक वयस्कर व्हायोलिनवादक राहत असत. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी या नावांनी सूर वाचण्याची पद्धत, शिकून ते पुढे मुंबईत आले होते. त्यांच्याशी या विषयावर बोलताना सुरुवातीला आमची गाडी रुळावरच येईना, कारण त्यांचा 'दो' म्हणजे कायम पांढरी एक आणि 'रे' म्हणजे कायम पांढरी दोन. "तुम्ही सा वाटेल तिथे ठेवता, मग कागदावर लिहिता कसे?" असे ते मला विचारीत, आणि "तुम्ही दो हलवतच नाही, मग गाता कसे?" असे मी त्यांना. 'रे'चा मोड म्हणजे 'रे'वर घर, हे त्यांना शब्दांतच मिळालेले होते. मला मात्र आधी 'रे'ला 'सा' म्हणायला शिकावे लागले.

खरे तर या कल्पनेला आपल्याकडे जुने नाव आहे : मूर्च्छना. नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या, म्हणजे तिथल्या एका मूळ सप्तकाच्या, सात मूर्च्छना सांगितल्या आहेत, उत्तरमन्द्रा, रजनी, उत्तरायता, शुद्धषड्जा, मत्सरीकृता, अश्वक्रान्ता आणि अभिरुद्गता. षड्ज, निषाद, धैवत असे खाली उतरत एकेका सुरापासून सप्तक मांडले की त्या क्रमाने या मिळतात. षड्जग्रामातल्या लागोपाठच्या सुरांमधली अंतरे श्रुतींत, म्हणजे सप्तकाच्या बारीक भागांत, मोजली तर तीन, दोन, चार, चार, तीन, दोन, चार अशी आहेत. तीन आणि चार श्रुतींच्या अंतराला पूर्ण स्वर आणि दोन श्रुतींच्या अंतराला अर्धा स्वर धरले तर उत्तरमन्द्रा आजच्या काफीजवळ येते आणि निषादापासून निघणारी रजनी बिलावलाजवळ. पांढऱ्या पट्ट्यांवर दोनकडून एककडे सरकणे आणि हे, दोन्ही एकच. मैफलीतला गायक भूप गाता गाता क्षणभर गंधाराला षड्ज मानतो आणि मालकंसाची सावली पाडतो, तीही याच न्यायाने. भूपाचेच पाच सूर रिषभापासून मध्यमाद सारंग, पंचमापासून दुर्गा आणि धैवतापासून धानी होतात. ज्याने हे एकदा पेटीवर करून पाहिले आहे त्याला मोड शिकवण्यासाठी तक्त्यांची गरज नाही.

मग पाश्चात्त्य संगीतात तानपुरा नसताना षड्ज कानात बसतो कसा? एकट्या चालीच्या चर्चगायनात ती कुठे वारंवार टेकते आणि कुठे संपते यावरून. आणि कॉर्डच्या संगीतात खालचा खर्जाचा सूर आणि कॉर्डची येजा यांवरून. इथे सावधगिरी लागते. पांढरी दोनच्या डोरियनमध्ये पांढरी पाचवरची कॉर्ड वाजवून लगेच पांढरी एकच्या कॉर्डवर उतरलात, तर ऐकणारा मेजरच्या घरी जाऊन बसतो आणि तुमचा काफी संपतो. म्हणून मोडाचे संगीत करणारे कॉर्ड मोजक्याच ठेवतात. माइल्स डेव्हिस यांनी 1959 साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'सो व्हॉट' या जॅझ रचनेत बत्तीस मात्राखंडांच्या आवर्तनातले पहिले सोळा पांढरी दोनच्या डोरियनमध्ये, पुढचे आठ अर्धा स्वर वर सरकून त्याच डोरियनमध्ये आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी आहेत. पेटीवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोनचा काफी, मग काळी दोनचा काफी, की परत पांढरी दोन. याच्या कितीतरी आधी, 1825 साली, बेथोव्हेन यांनी आजारातून उठल्यावर लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीतल्या संथ भागाला लिडियन म्हटले होते. तिथे षड्ज पांढरी चार, आणि तीव्र मध्यम शुद्ध होऊ नये म्हणून काळी पाच कटाक्षाने टाळलेली. कल्याणाची सवय असलेल्या कानाला मात्र तो भाग ऐकताना मेजरकडे ढळण्याचा मोह पदोपदी जाणवतो.

मोड म्हणजे राग नव्हे, हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझ्यासारखे हौशी लोक डोरियन ऐकला की "हा आपला काफी" म्हणून मोकळे होतात. मोड हा थाटासारखा सुरांचा साठा आहे. रागाला चलन लागते, वादी-संवादी हे मुख्य दोन सूर लागतात, कुठे थांबायचे आणि कुठला सूर नुसता स्पर्शून सोडायचा हे लागते. आणि भैरवी गाणारा तर बाराही सूर लावून मोकळा होतो. शिवाय दहापैकी चार थाट, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, पांढऱ्या पट्ट्यांवर कुठेही षड्ज ठेवला तरी मिळत नाहीत. त्या चौघांत लागोपाठच्या दोन सुरांमध्ये कुठे ना कुठे दीड स्वराचे अंतर आहे, आणि शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांत एका स्वरापेक्षा जास्त अंतर नसते.

पेटीच्या सुरांबद्दलही एक खुलासा हवा. पांढरी एकवरून दोनवर षड्ज नेण्याचा खेळ पेटीवर इतका सहज जमतो, कारण तिथे सप्तकाचे 1200 सेंट (सुरांमधले अंतर मोजण्याचे एकक) बारा सारख्या भागांत वाटलेले आहेत. तानपुऱ्याशी जुळवून गायलेल्या बिलावलात धैवत षड्जाच्या 5/3 पट ठेवला तर रिषभ ते धैवत हे अंतर शुद्ध पंचमापेक्षा सुमारे 22 सेंटनी कमी पडते. अशा बिलावलाचा रिषभ षड्ज केला की नव्या काफीचा पंचमच बेसूर; गाणारा तो नकळत सावरून घेतो, पेटीला सावरायची वेळच येत नाही.

राहिला लोक्रियन. पांढरी सातवर षड्ज ठेवला तर रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल, मध्यम शुद्ध, आणि पंचमाच्या जागी त्याच्या अर्धा स्वर खालचा सूर येतो. आपल्याकडे पंचम अचल, त्यामुळे याला थाट नाही. ग्लारेआनने अशा सप्तकाला बारात घेतले नाही ते षड्ज-पंचमाचे नाते तुटते म्हणूनच. मी हट्टाने प्रयोग करून पाहिला. पंचमाची तार चालणार नाही म्हणून मालकंसाला लावतात तसा मध्यमाचा तानपुरा पांढरी सातवर लावला आणि गाऊ लागलो. पहिला मिनिटभर सूर विचित्र, अधांतरी वाटत राहिले. मग हळूहळू ते ओळखीचे वाटू लागले, जागेवर बसू लागले, आणि मी खूश होऊन आळवत राहिलो. पाचेक मिनिटांनी स्वयंपाकघरातून बायकोने विचारले, "आज सकाळी सकाळीच भैरवी? मैफल संपली वाटतं?" मी थांबून पाहिले. तानपुऱ्याच्या मध्यमाला, म्हणजे पांढरी तीनला, माझ्या कानाने केव्हाच षड्ज करून टाकले होते.